जुनी ऑडी टीटी घ्यावी की नवी इनोव्हा हायक्रॉस? मुंबईत राहतो, घरात पाच माणसं.

नुसत्या आकड्यांवर जाल तर गोंधळाल. 2010च्या सुमाराच्या दोन लिटर टर्बो टीटीची ताकद साधारण 200 पीएस (म्हणजे अश्वशक्ती), हायक्रॉस हायब्रिडची 186. फरक फारसा नाहीच! पण टीटी चौदाशे किलोच्या आतली, इनोव्हा सोळाशेच्या वरची. म्हणून टीटी साडेसहा सेकंदांच्या आसपास ताशी शंभर किमीचा वेग गाठते, इनोव्हाला साडेनऊ लागतात.

आता हे शंभर गाठायचं कुठे? कोस्टल रोडवर मर्यादा 80, बोगद्यात 60. अटल सेतूवर 100 चालतं, पण तिथे रोज कोण जातंय! सायनच्या ट्रॅफिकमध्ये हायक्रॉस बराच वेळ इंजिन बंद ठेवून बॅटरीवर सरकते. टीटीचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मात्र तिथे तापतो. गिअरबॉक्सचं ऑइल दर 60,000 किमीला बदललंय का, त्याची बिलं मागाच. मागची सीट नावापुरती आहे, आईबाबांना तिथे बसवायचा विचारही करू नका.

आरसी नीट बघा. 15 वर्षं झाली असतील तर आरटीओत फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि मग पाच वर्षांचं नूतनीकरण. विकणारा ‘होऊन जाईल हो’ म्हणाला तर आधी करून घ्या, मग पैसे द्या.

एकच गाडी ठेवायची असेल तर डोळे झाकून हायक्रॉस. पार्किंगच्या दोन जागा आणि जर्मन गाड्यांतला जाणकार मेकॅनिक असेल तर टीटी जरूर घ्या, फक्त पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या दादरच्या हिंदमाताकडे फिरकू नका.