मालक गडगंज असला म्हणजे क्लबचं भलं होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडचा फुटबॉल क्लब मँचेस्टर युनायटेड, त्याच्या चाहत्यांच्या तुमच्या मुंबईतल्या ग्रुपवर दोन तट पडलेत. उद्या एखाद्या अतिश्रीमंत गुंतवणूकदाराने मालक ग्लेझर कुटुंबाकडून अख्खा क्लब विकत घेतला तर पेढे वाटायचे की कपाळाला हात लावायचा? आणि इतक्या लांब बसून आपण यात डोकं घालावं का?

मी स्वतः युनायटेडवाला, आणि अंधेरीला जाऊन मुंबई सिटीच्या मॅचेस बघणाराही. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

मालकाकडे किती पैसा आहे हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा की क्लब विकत घ्यायला जो पैसा लागला तो कोणाच्या नावावर काढलाय, आणि हा माणूस निघून जाईल त्या दिवशी क्लबच्या पदरात काय उरेल.

मुंबईकराला हे कळायला अवघड जाऊ नये. जुन्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग आठवा. बिल्डरचा माणूस चकचकीत ब्रोशर वाटतो, पोडियम गार्डन, जिम, दोन-दोन पार्किंग. निम्मे लोक तिथेच हुरळतात. आणि मागच्या खुर्चीवरचे एक काका, ज्यांना सगळे कटकट्या म्हणतात, ते उठून विचारतात, 'बँक गॅरंटी किती? भाडं किती महिन्यांचं आगाऊ? काम अर्धवट टाकून गेलात तर?' तुमच्या ग्रुपवर असा एक कटकट्या माणूस असलाच पाहिजे.

ग्लेझरांच्या वेळी तो होता, पण त्याचं ऐकायला कोणी बांधील नव्हतं. 2005 मध्ये माल्कम ग्लेझरने साधारण 79 कोटी पौंडांच्या हिशेबाने युनायटेड घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा बराचसा बोजा क्लबवरच चढवला. कित्येक दशकं कर्जमुक्त असलेल्या क्लबने स्वतःच्याच खरेदीचे हप्ते भरायला सुरुवात केली. तरीही 2007 ते 2013 मध्ये पाच लीग विजेतेपदं आणि 2008 ची चॅम्पियन्स लीग आली, कारण मॅनेजरच्या खुर्चीत सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन होते. ते निवृत्त झाले आणि झाकलेलं सगळं उघडं पडलं. मे 2024 मध्ये आर्सेनलविरुद्धच्या मॅचनंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून पाण्याचा लोट कोसळताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. आमच्या ग्रुपवर लगेच 'अरे, हिंदमाता!' असे मेसेज सुरू झाले. हसलो सगळे, पण त्या छपराची डागडुजी न होता पैसा व्याजात आणि लाभांशात गेला, हे काही हसण्यासारखं नाही.

तिथल्या लोकांना हे सुरुवातीलाच दिसलं होतं. 2005 सालीच काही चाहत्यांनी बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. 2010 मध्ये स्टेडियमभर हिरवे-सोनेरी मफलर दिसायला लागले, ते न्यूटन हीथचे, म्हणजे क्लबच्या मूळ अवताराचे रंग.

आता 2022-23 चं महाभारत. ग्लेझरांनी नोव्हेंबर 2022 मध्ये विक्रीचे पर्याय तपासत असल्याचं जाहीर केलं आणि दोन नावं पुढे आली. एक कतारचे शेख जस्सिम, अख्खा क्लब घेणार आणि कर्ज फेडणार म्हणणारे. दुसरे सर जिम रॅटक्लिफ, मँचेस्टरजवळच्या फेल्सवर्थमध्ये जन्मलेले, लहानपणापासूनचे युनायटेडवाले. तुमच्या ग्रुपवर आत्ता जे चाललंय तेच तेव्हा आमच्याकडे चालू होतं. 'शेख आले की एम्बापेसारखा स्टार खेळाडू आलाच' असं म्हणणारी पोरं एका बाजूला, 'आपला माणूस हवा' म्हणणारी दुसऱ्या. शेवटी ऑक्टोबर 2023 मध्ये शेख जस्सिम यांनी माघार घेतली, आणि नाताळच्या आदल्या दिवशी रॅटक्लिफ यांनी 25 टक्के हिस्सा घेतल्याची घोषणा झाली. मतांचं बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं.

पुढे 'आपल्या माणसाने' काय केलं? दोन टप्प्यांत शेकडो कर्मचाऱ्यांना नारळ देण्याचं ठरलं. कर्मचाऱ्यांच्या कँटीनमधलं फुकट जेवण बंद करून फळं ठेवल्याच्या बातम्या आल्या. आणि 2024-25 च्या सीझनच्या मध्येच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड केला, त्यात लहान मुलं आणि म्हाताऱ्यांची सवलतही गेली. जन्मापासूनचा चाहता असणं ही काही बँक गॅरंटी नाही, हे मला तेव्हा पटलं. शेख आले असते तर जेवण चालू राहिलं असतं का? बहुतेक राहिलं असतं. पण एखाद्या देशाच्या सत्तेच्या इतक्या जवळचा मालक म्हणजे त्या देशाचं राजकारणही घरात येणं. आमच्या ग्रुपवर निम्म्यांचं कोणी ना कोणी दोहा-दुबईत नोकरीला, त्यामुळे मानवाधिकारांचा विषय निघाला की लोक एकदम 'चल, उद्या सकाळी ऑफिस आहे' म्हणतात.

पैशाने ट्रॉफी येते का? येते, पण वाटते तितकी सरळ नाही. न्यूकॅसल ऑक्टोबर 2021 मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने इतर भागीदारांसह 30.5 कोटी पौंडांना घेतला. जगातल्या सर्वात श्रीमंत मालकांपैकी एक. तरीही जून 2024 मध्ये त्यांना एलियट अँडरसन आणि यांकुबा मिंतेह ही उमदी पोरं विकावी लागली, कारण प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमात तीन वर्षांत ठरावीक मर्यादेपलीकडे तोटा दाखवता येत नव्हता. मालकाच्या खिशात तेलाच्या विहिरी असल्या तरी ताळेबंद क्लबचा असतो. मार्च 2025 मध्ये त्यांनी लिव्हरपूलला 2-1 हरवून लीग कप जिंकला, 1955 नंतरची त्यांची पहिली देशांतर्गत मोठी ट्रॉफी. तेव्हा न्यूकॅसलमधले सत्तरीचे लोक रडत होते. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगणार की तुमचा आनंद चुकीचा आहे?

चेल्सीचं उदाहरण मात्र तुमच्या ग्रुपवर पिन करून ठेवा. रोमन अब्रामोविच 2003 मध्ये आले, पैसा ओतला, सगळं जिंकलं. तो पैसा क्लबला दिलेल्या कर्जाच्या रूपात होता, जवळपास दीड अब्ज पौंड. मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धामुळे ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि एका सकाळी युरोपच्या गतविजेत्या क्लबला नवीन तिकिटं विकता येईनात, जर्सीचं दुकान बंद, आणि बाहेरगावच्या मॅचसाठी प्रवासखर्चाची मर्यादा 20 हजार पौंड. पुढे अब्रामोविच यांनी ते कर्ज सोडून दिलं म्हणून निभावलं. वसूल करायचं ठरवलं असतं तर?

आणि पैसा आहे, पण धंद्याची समजच नाही, असं झालं तर काय होतं ते बघायला आपल्याला पुण्यापलीकडे जायला नको. वेंकीज. आपल्या कोंबडीवाल्यांनी नोव्हेंबर 2010 मध्ये इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. हा तोच क्लब, ज्याने जॅक वॉकर या गावच्याच पोलाद उद्योजकाच्या जिवावर 1994-95 ची प्रीमियर लीग जिंकली होती. नव्या मालकांनी महिन्याभरातच मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइस यांना हाकललं, तेही टीम तक्त्याच्या मध्यावर बऱ्यापैकी उभी असताना. 2012 मध्ये क्लब दुसऱ्या स्तरावर घसरला, आणि ज्या मॅचमध्ये ते पक्कं झालं त्यात चाहत्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. 2017 मध्ये तर आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या स्तरावर, तिथून पुढच्या वर्षी परत. गंमत म्हणजे, वेंकीजनी वर्षानुवर्षं स्वतःचे पैसे घालून तोटा भरला आहे. ग्लेझरांसारखं क्लबला पिळलं नाही. तरी तिथल्या लोकांचा राग बघा. कंजूष मालकावर चिडणं सोपं असतं, उदार आणि अजाण मालकावर नेमकं कशासाठी चिडायचं हेच कळत नाही.

आता घरचं बोलू, कारण या वादात मुंबईकराकडे इंग्रजांपेक्षा जास्त अनुभव आहे. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि 2010 मध्ये कंपनीने टीमच बंद केली. कूपरेजवर त्यांच्यासाठी ओरडणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. मुंबई एफसी 2007 मध्ये आला, 2008-09 पासून 2016-17 पर्यंत पहिल्या श्रेणीत टिकला, त्यातली बरीच वर्षं खालिद जमील कोच होते, जे आता भारताचे कोच आहेत. 2017 मध्ये क्लब खाली गेला आणि गुंडाळला. दोन्हीकडे मालकाकडे पैसा नव्हता असं कोणीही म्हणणार नाही. इच्छा संपली, एवढंच.

आणि मुंबई सिटी. नोव्हेंबर 2019 मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने 65 टक्के हिस्सा घेतला तेव्हा युनायटेडवाले म्हणून आमची जी गोची झाली ती विचारू नका. आठवडाभर शत्रूला शिव्या घालायच्या आणि रविवारी त्याच मालकाच्या टीमसाठी ढोल वाजवायचे. पण खोटं कशाला बोलू, बदल दिसला. 2020-21 मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) शील्ड, म्हणजे साखळीत पहिला नंबर, आणि कप, म्हणजे फायनलचं विजेतेपद, दोन्ही आले, फायनलमध्ये 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. दुर्दैव असं की तो सगळा सीझन कोविडमुळे गोव्यात रिकाम्या मैदानांवर झाला. मुंबईच्या टीमचा सगळ्यात भारी सीझन मुंबईकराने सोफ्यावर बसून पाहिला. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब. मग 2022-23 ची शील्ड, आणि मे 2024 मध्ये कोलकात्यात सॉल्ट लेकला मोहन बागानला त्यांच्याच घरी 3-1 धुऊन कप.

आणि डिसेंबर 2025 मध्ये ग्रुप हिस्सा सोडून बाहेर पडला. आयएसएलचा सीझनच होणार की नाही याची तेव्हा खात्री नव्हती, लीगचा व्यावसायिक करार संपला होता. त्यांच्या दृष्टीने हिशेब बरोबर असेलही. क्लब परत रणबीर कपूर आणि बिमल पारेख या जुन्या मालकांकडे आला.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर पाहिलं, लोक एकमेकांना खेळाडूंच्या करारांच्या तारखा विचारत होते. ट्रॉफीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आझाद नगर मेट्रोला उतरून जिना उतरताना स्टेडियमचे दिवे दिसतात, ते स्टेडियमही क्लबचं नाही, सरावाची मैदानंही बहुतेक दुसऱ्यांची. मालक गेला की मागे काय राहिलं याची यादी करायला बसलो तर कागदाची एक बाजूही भरत नाही. चषक आहेत, आणि वेस्ट ब्लॉक ब्लूज या चाहत्यांच्या गटाची पोरं आहेत.

म्हणून तुमच्या ग्रुपवर पुढचा 'हिअर वी गो', म्हणजे सौदा पक्का झाल्याचा मेसेज, आला की कर्ज कोणाच्या नावावर, स्टेडियम कोणाच्या नावावर आणि बाहेर पडायची अट काय, एवढंच विचारा. नुसती संपत्तीची आकडेवारी पाठवणाऱ्याला रिप्लाय देऊ नका.

दुसरा प्रश्न, आपण बोलावं का. आपल्या हातात मत नाही हे खरं. पण तिथल्या तिकीटधारकाकडे तरी कुठे आहे? जर्मनीत 50+1 च्या नियमामुळे बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडे असतं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून फेकून लीगचा गुंतवणूकदाराबरोबरचा करार हाणून पाडला. इंग्लंडमध्ये आता 2025 च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आलाय, मालकांची पारख करणं त्याचं काम. मुंबईच्या ग्रुपवरून त्याला कोणी पत्र लिहिणार नाही. पण जर्सी, सबस्क्रिप्शन, पबमधलं बिल, हा पैसा आपलाही जातो, तेव्हा बोलायला हरकत नाही.

ग्रुप मात्र सोडू नका. आणि रात्री दीडच्या मॅचच्या आधी मालकीचा विषय काढू नका, सकाळची आठ-बाराची लोकल पकडायची असते लोकांना.