दहा फटक्यांत निकाल देणारा प्रश्न

इंदूर, रविवार

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या चाचण्यांची तुझी वही नीट वाचली. ४० फटके, त्यांत ४ क्रिटिकल (नशिबाने लागणारे जास्त जोराचे फटके), आणि खाली लाल शाईत ‘या अ‍ॅबिलिटीने क्रिटिकल वाढतात’ (अ‍ॅबिलिटी म्हणजे पोकेमॉनचा अंगभूत गुण). मेहनत खरी आहे, निष्कर्ष अजून कच्चा आहे. पोकेमॉन खेळांच्या सातव्या पिढीपासून साधा क्रिटिकल २४ फटक्यांत सरासरी एकदा लागतो, म्हणजे ४० फटक्यांत दीड ते पावणेदोन. तरी अ‍ॅबिलिटीचा काडीचाही संबंध नसताना ४० फटक्यांत ४ किंवा जास्त क्रिटिकल पडण्याची शक्यता १२ त एक एवढी असते. रामबागेतल्या बारा मुलांनी हीच चाचणी केली, तर एकाच्या वहीत तुझ्यासारखंच पान निघेल आणि तोही लाल शाई काढेल.

२४ त एक आणि १६ त एक यांत भरवशाने फरक करायचा तर सुमारे ८०० फटके लागतात. (१६ त एक हा जुना दर, तिसऱ्या पिढीपासून सहाव्यापर्यंतचा. जुन्या नोंदी वाचताना पिढी बघायला विसरू नकोस.) म्हणून सुरुवात शक्यतेच्या प्रश्नांनी करू नकोस. आधी असे प्रश्न घे, जिथे एखादा आकडा दिसणंच मुळी अशक्य असतं.

उदाहरण घेऊ. मूव्ह (मारायचा डाव) आणि पोकेमॉन एकाच प्रकारचे असले की डॅमेज (फटक्याने होणारं नुकसान) दीडपट होतो, त्यालाच आपण स्टॅब म्हणतो. शिवाय प्रत्येक फटक्याला ८५ ते १०० टक्के यांतला एक आकडा नशिबाने लागतो. असे १६ आकडे, सगळ्यांना सारखी संधी. प्रश्न असा की आधी नशिबाचा आकडा लागतो की आधी स्टॅब? ऐकायला किरकोळ वाटतं, पण मधल्या प्रत्येक पायरीवर अपूर्णांक कापला जातो, म्हणून क्रम बदलला की उत्तरं बदलतात.

मांडणी अशी कर. दोघेही ५० पातळीचे. मारणारा सायथर, अ‍ॅटॅक १२०. मार खाणारा लॅप्रस, शेल आर्मर अ‍ॅबिलिटीचा, डिफेन्स १००. मूव्ह एक्स-सिझर, सायथरसारखीच बग प्रकाराची, ताकद ८०. कुणाकडेही आयटम नाही, हवामान नाही. लॅप्रसच का? शेल आर्मरमुळे क्रिटिकल लागत नाही, बग प्रकाराचा मार त्याला ना जास्त लागतो ना कमी, आणि आयव्ही (जन्मजात गुण) ३१, ईव्ही (सरावाने मिळालेले गुण) शून्य, साधा स्वभाव ठेवला की त्याचा डिफेन्स बरोबर १०० आणि एचपी (जीव) २०५ येतो. सायथरची टेक्निशियन अ‍ॅबिलिटी ६० किंवा त्याहून कमी ताकदीच्या मूव्हलाच वाढवते, तेव्हा इथे तिची लुडबुड नाही. सायथरचा अ‍ॅटॅक कसाही १२० वर आण, आयव्ही-ईव्हीची बेरीज वहीत लिहीत बसू नको. सूत्राला शेवटचा स्टॅट, म्हणजे हिशेबानंतरचा तयार आकडा, लागतो, आणि तो पडद्यावर लिहिलेला असतो.

आता गणित. पातळी ५० ची दुप्पट भागिले ५, अधिक २, म्हणजे २२. गुणिले ८०, गुणिले १२०, भागिले १००: २११२. भागिले ५०, अपूर्णांक टाकून ४२. अधिक २: ४४. इथून दोन वाटा फुटतात.

आधी नशीब, मग स्टॅब: ३७ ते ४४ यांतला आकडा, त्याची दीडपट, आणि बरोबर अर्धा उरला तर खाली. उत्तरं फक्त ५५, ५७, ५८, ६०, ६१, ६३, ६४, ६६. मधले ५६, ५९, ६२, ६५ कधीच येणार नाहीत.

आधी स्टॅब, मग नशीब: ६६ चे ८५ ते १०० टक्के. इथे ५६ पासून ६६ पर्यंत प्रत्येक आकडा येतो, ५५ मात्र येत नाही.

पाहिलंस? एकदा ५५ दिसला की दुसरी वाट बंद. एकदा ५९ दिसला की पहिली बंद. दुसरी वाट खरी असती तर दर फटक्याला १६ पैकी ६ वेळा त्या चार निषिद्ध आकड्यांपैकी एक दिसला असता. १० फटक्यांत एकही न दिसण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी. तीन फटक्यांचा डॅमेज जास्तीत जास्त १९८, लॅप्रसचा एचपी २०५, तेव्हा एका लढाईत तीन फटके आणि चार लढायांत काम फत्ते. हे मला या सगळ्या खेळातलं सगळ्यात सुंदर वाटतं.

लॅप्रसने त्या तीन टर्नांत काय करायचं? मिस्ट, म्हणजे आपल्या बाजूचे स्टॅट उतरू न देणारी मूव्ह. ग्राउल मारलास तर सायथरचा अ‍ॅटॅक घसरेल आणि आख्खं पान फुकट. हाच धोका मूव्हच्या बाबतीतही असतो. तुझ्या दुसऱ्या चाचणीत शॅडो बॉल आहे. त्याने दर पाचात एकदा स्पेशल डिफेन्स उतरतो, आणि मधल्या पानापासून तुझे आकडे वर का सरकलेत ते तिथेच दडलेलं आहे. जोडपरिणाम नसलेली मूव्ह निवडत जा.

मोजायचं कसं, तेही सांगतो. समोरच्याच्या एचपीची नुसती पट्टी दिसते, आपल्या पोकेमॉनचा आकडा दिसतो. म्हणून कथेतल्या लढाईत डोळ्याने पट्टी मापण्यात अर्थ नाही. शिवाय तिथे जिव्हाळा वाढलेला पोकेमॉन मधूनच फटका चुकवतो किंवा जास्त क्रिटिकल मारतो. तुझ्या सुदामानगरच्या दोस्ताला बोलाव, दोन कन्सोल शेजारी ठेवा, आपसात लढा आणि डॅमेज मार खाणाऱ्याच्या पडद्यावरून वाचा. आपल्या इंदुरात एक गोष्ट हटकून घडते: तो हिंदीत ‘उनसठ’ म्हणतो, ऐकणाऱ्याच्या कानात ‘उनहत्तर’ शिरतं, आणि ५९ चे ६९ होतात. आकडे सुटे बोला, ‘पाच, नऊ’. आणि डॅमेज तोंडी काढू नका, आधीचा एचपी आणि नंतरचा एचपी दोन्ही लिहा, वजाबाकी नंतर.

लढाईचा नियम निवडताना सगळ्यांना ५० पातळीवर आणलं जातंय का, ते आधी बघ. त्याने काय बिघडतं, हे ट्रिक रूमच्या एका जुन्या गमतीतून कळेल. ट्रिक रूममध्ये हळू पोकेमॉन आधी चालतो. पण पाचव्या पिढीपासून खेळ हा उलटा क्रम काढताना १०,००० मधून वेग वजा करतो आणि उत्तर ८१९२ च्या आत गुंडाळतो (८१९२ ने भागून बाकी ठेवतो); ज्याचं उत्तर मोठं तो आधी. १८०८ वेगाचं उत्तर ० होतं, १८०९ चं ८१९१. म्हणून १८०९ किंवा जास्त वेगाचा पोकेमॉन ट्रिक रूममध्येही इतरांच्या आधी चालतो. रेजिएलेकी या पोकेमॉनचा वेग १०० पातळीला, अनुकूल स्वभावासह, ५४८ पर्यंत जातो. लढाईत मूव्हने सहा पायऱ्या वाढवल्यावर चौपट, २१९२. ५० पातळीवर तोच २७७, चौपट ११०८. चाचणी चुपचाप ‘नाही’ म्हणेल, आणि तू वहीत लिहिशील की ही गोष्ट खोटी आहे.

सिम्युलेटरवर (खेळाच्या लढाईची संगणकावरची नक्कल) अंदाज जरूर बांध. पण तिथला निकाल म्हणजे आधीच्या लोकांनी काय शोधून त्यात भरलं त्याचा निकाल. शंका खेळाबद्दल असेल तर कन्सोलवरच बघ.

शक्यतेच्या चाचण्या कधीतरी कराव्या लागतीलच. तेव्हा किती फटके मोजायचे ते पहिल्या फटक्याआधी पानाच्या डोक्यावर लिही आणि तेवढेच मोज. मनासारखं दिसलं की थांबायचं आणि नाही दिसलं की ‘अजून थोडे’ म्हणायचं, तसं करून हवा तो निकाल काढता येतो. १०० फटक्यांत ३० टक्क्यांची गोष्ट २१ ते ३९ यांत कुठेही दिसू शकते. आणि १०० वेळा काहीच घडलं नाही, तर ते अशक्य आहे असं लिहू नको, ‘३ टक्क्यांहून कमी’ एवढंच लिही.

क्रिटिकलचं ते पान फाडू मात्र नको. त्यावर ‘४० फटके, आधी ठरवलेले नाहीत’ असं लिहून ठेव. सायथर-लॅप्रसच्या पहिल्या तीन लढाया या आठवड्यात उरक, नऊच फटके झाले तरी चालेल. सुट्या आकड्यांचा फोटो पाठव, वजाबाकी न केलेला. आईला नमस्कार सांग.