लंडनला ये म्हणू की नको

मृणाल,

तुझा प्रश्न असा: पुण्यात वकिली शिकलीस, दिल्लीत डेटाच्या कायद्यांवर काम केलंस, आता इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात दोन वर्षांची संशोधनाची जागा मिळते आहे. तिथून पुढे सरकारी पाळतीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेत धोरण सल्लागार व्हायचं तुझ्या मनात आहे. नवरा आणि सात वर्षांची मुलगी बरोबर. "ताई, यावं का?"

चार ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. लिहायला बसले आणि भलतंच लांबलं, तेव्हा चहा घेऊन बस.

व्हिसाची फी, हेल्थ सरचार्ज, पगाराची अट, यातलं काही लिहीत नाही. ते सरकारी साइटवर आहे आणि दर सहा महिन्यांनी बदलतं. एवढंच ध्यानात ठेव की कायम राहण्याची परवानगी पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी द्यावी असा प्रस्ताव २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आला. माझ्या वेळचा हिशोब तुला लागू होईलच असं नाही.

आधी या कामाबद्दल, मी तेच करते, आणि लोकांची कल्पना सिनेमातली असते. २०१६ चा इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स ॲक्ट, म्हणजे इथला सरकारी पाळतीचा कायदा, तू वाचला असशील. त्याआधी देखरेखीची तीन वेगवेगळी ऑफिसं होती. ती मोडून सप्टेंबर २०१७ पासून एकच कमिशनर आणि त्यांचं एकच कार्यालय झालं. फोन ऐकायचा तर मंत्र्याची सही लागते, आणि ती झाली तरी ज्युडिशियल कमिशनरने, म्हणजे मोठ्या न्यायाधीशपदावर काम केलेल्या माणसाने, मान्यता दिल्याशिवाय वॉरंट लागू होत नाही. याला इथे डबल लॉक म्हणतात. तातडीच्या प्रकरणात आधी सुरू करता येतं, पण तीन कामाच्या दिवसांत न्यायाधीशापुढे जावंच लागतं, आणि त्याने नाही म्हटलं तर थांबावं लागतं. खासदाराचं संभाषण ऐकायचं असेल तर पंतप्रधानाचीही मंजुरी हवी.

या सगळ्यात सल्लागार कुठे असतो? टेबलाच्या कडेला. तो हेर नाही, न्यायाधीशही नाही. आचारसंहितेच्या मसुद्यावर टिपणं लिहायची, खात्यांनी स्वतःहून कळवलेल्या चुका वाचून त्यात काही समान धागा दिसतो का ते पाहायचं, वार्षिक अहवालाचा कच्चा खर्डा करायचा. त्या अहवालातलं काय संसदेपुढे छापील जाईल आणि काय गोपनीय जोडपत्रात राहील यावर तासन्‌तास बैठका चालतात. चुका बहुतेक फालतू असतात: आयपी पत्त्याची वेळ एका तासाने चुकली, फोन नंबरातले दोन आकडे उलटे पडले. पण त्या फालतू चुकीने पोलीस भलत्याच घरात शिरू शकतात. मला हे काम आवडतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तुझा गैरसमज नको.

आता कागदपत्रं. सिक्युरिटी क्लिअरन्सच्या, म्हणजे गोपनीय कामाआधीच्या चौकशीच्या, मधल्या पायरीला (एससी, सिक्युरिटी चेक) साधारण पाच वर्षांचं इथलं वास्तव्य लागतं, वरच्या डीव्हीला (डेव्हलप्ड व्हेटिंग) दहा. म्हणजे दिल्लीहून उतरून थेट या कामात शिरणं जवळपास अशक्य. तुझा विद्यापीठाचा रस्ता म्हणूनच बरा. सिव्हिल सर्व्हिसच्या बऱ्याच जागांना कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपण अर्ज करू शकतो, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. मात्र काही जागा ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव असतात आणि त्या नेमक्या याच गल्लीत जास्त. त्यावर पुढे येते.

तो क्लिअरन्सचा फॉर्म इंग्लिश कुटुंब डोळ्यापुढे ठेवून केलेला आहे. आईची जन्मतारीख? आमच्या सोलापूरच्या घरात आई, मामा आणि थोरली मावशी तिघांचाही जन्म १ जूनचा. शाळा जूनमध्ये उघडते, मास्तरांनी घातली तारीख. हे लंडनमधल्या कुणाला कसं समजावशील? मग नावं. माहेरचं नाव, सासरचं आडनाव, मधे आधी वडील आणि नंतर नवरा, आणि शिवाय लग्नात तांदळात लिहिलेलं नाव, जे सासूबाईंशिवाय कुणी कधी घेतलं नाही. 'आतापर्यंत वापरलेली सर्व नावं लिहा' म्हटल्यावर मी ते इमानदारीने लिहिलं. त्यावर खुलासा मागणारी पत्रं येत राहिली. कुणाकडून ते लिहीत नाही. पदवीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं. तू निघण्याआधी हे सगळं एका नावावर आण. गॅझेट करायचं असेल तर तिथेच करून ये. इथून करणं जिकिरीचं, आणि भावाला पिटाळून किती पिटाळशील?

सबंध आयुष्याची चौकशी दुसऱ्यांकडून करून घेतल्यावरच दुसऱ्यांच्या चौकशीवर देखरेख करायला मिळते. न्याय आहे यात. तरी आईबाबांचे जन्मगाव, तारीख, राष्ट्रीयत्व चौकटींत भरताना मी त्यांची झडती घेते आहे असं वाटलं. त्यांना विचारलंही नव्हतं.

मुलीच्या शाळेचं तू एका ओळीत विचारलंस: 'शाळा चांगल्या असतात ना?' असतात. पण तुला एक गोष्ट सांगते. २००८ साली पूल या गावच्या कौन्सिलने एका कुटुंबावर जवळजवळ तीन आठवडे पाळत ठेवली. दहशतवादी म्हणून नव्हे. शाळेच्या हद्दीत राहत असल्याचा पत्ता खोटा आहे, असा संशय म्हणून. २००० च्या रिपा या पाळतीच्या जुन्या कायद्याने कौन्सिलांनाही तशी ताकद दिलेली होती. २०१० मध्ये पाळतीच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रायब्युनलने ती पाळत बेकायदा ठरवली, आणि २०१२ पासून कौन्सिलांना अशा कामासाठी आधी मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं. माझी इथली पहिली नोकरी एका कौन्सिलच्या विधी विभागात, याच परवानग्यांचं रजिस्टर सांभाळायची. त्यामुळे शाळेच्या हद्दीचं वेड इथे किती आहे ते मला आधी फायलीतून कळलं आणि मग घर शोधताना.

पण माझ्या मनात सलतं ते वेगळंच. माझ्या मुलाला, ईशानला, शाळेत घातलं तेव्हा फॉर्मवर 'पहिली भाषा' असा रकाना होता. मी मराठी लिहिलं. खरं होतं ते. त्या एका शब्दामुळे त्याला इंग्रजी येत नसलेल्या मुलांच्या गटात बसवलं. हा मुलगा घरी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं एकटा वाचत होता, आणि शाळेत त्याला सफरचंदाचं चित्र दाखवून शब्द विचारत होते. आम्ही भेटलो, लिहून दिलं. सगळे गोड बोलले. रेकॉर्डवर तसं आहे, म्हणाले. पुढची कित्येक वर्षं ती खूण त्याच्या नावापुढून गेली नाही. त्यात २०१६ च्या हिवाळ्याआधी इंग्लंडभरच्या शाळांनी मुलांचं राष्ट्रीयत्व आणि जन्मदेश विचारायला सुरुवात केली. उत्तर द्यायचं नाकारण्याचा हक्क पालकांना होता. आमच्या शाळेच्या पत्रात त्याचा उल्लेखच नव्हता. मला कायदा माहीत होता म्हणून मी नाकारलं. शेजारच्या सोमाली बाईंनी बिचाऱ्यांनी सगळं भरून दिलं. पालकांनी आणि संघटनांनी बोंब मारली तेव्हा २०१८ मध्ये ते बंद झालं.

नागरिकाच्या नोंदी कशा व्हाव्यात, चुकल्या तर कशा दुरुस्त व्हाव्यात, यावर मी दिवसभर टिपणं लिहिते. स्वतःच्या पोराच्या नावापुढची एक खूण मला पुसून घेता आली नाही. परवा आजीशी मराठीत नीट बोल म्हणून ओरडले तर म्हणाला, "तूच लिहिलं होतंस ना, ही माझी फर्स्ट लँग्वेज आहे म्हणून?" पंधरा वर्षांचा आहे, जिभेला हाड नाही. तुझ्या मुलीच्या फॉर्मवर काय लिहायचं ते तू ठरव. मला या बाबतीत सल्ला द्यायचा अधिकार नाही.

एकटेपणाचं विचारलंस. होतं, सरतं. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, गणपतीला जा, पुरणपोळी मिळते. पुढचा मुद्दा.

पुढचा मुद्दा फोनचा. ऑफिसात शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवायचा. संध्याकाळी सव्वासहाला हातात येतो तेव्हा सोलापुरात उन्हाळ्यात पावणेअकरा आणि हिवाळ्यात पावणेबारा वाजलेले असतात. आई झोपलेली असते. कामाचे पाच दिवस असेच जातात. शनिवारी बोलतो तेव्हा ती विचारते, "ऑफिसात काय चाललंय?" आणि मी म्हणते, "नेहमीचंच." नवऱ्यालाही तेच उत्तर. मंडळात कुणी विचारलं तर 'सरकारी नोकरी, कागद इकडचे तिकडे' म्हणते आणि तिथून आयटीवाल्यांच्या मॉर्गेजच्या गप्पा सुरू होतात, सुटका होते. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲपलने इथल्या ग्राहकांसाठी आयक्लाउडचं जास्तीचं एन्क्रिप्शन बंद केलं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर ईशानने भरभरून मतं मांडली. सगळं जग बोलत होतं. सरकारने कंपनीला अशा कामाची गुप्त नोटीस काढली आहे की नाही हे सांगायलाच कायद्याने बंदी असते. मी आमटी वाढत बसले. खरं तर त्याचं बरंचसं म्हणणं मला पटत होतं. तेही बोलता आलं नाही.

बघ, एकटेपणावर लिहायचं नाही म्हणत होते.

आता ज्या कारणाने तू यायचं म्हणतेस त्याबद्दल. 'तिथे निदान न्यायाधीश बघतो' असं तू लिहिलंस. मीही त्याच वाक्यावर निघाले होते. आपल्याकडे १९९६ ला पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने फोन टॅपिंगला नियम घालून दिले, पण बघणारे सचिवच राहिले. डेटा संरक्षणावरच्या श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नोंदवलं की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या, सचिवांच्याच रिव्ह्यू कमिटीपुढे दर बैठकीला पंधरा ते अठरा हजार आदेश तपासायचं काम असतं. एका बैठकीत अठरा हजार. डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांतही न्यायाधीश आलेला नाही. तेव्हा तुझं म्हणणं खोटं नाही.

पण इथे पाळत कमी आहे असं समजून येऊ नकोस. ती कायद्यात नीट बसवलेली आहे. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या स्नोडेनने २०१३ मध्ये कागद बाहेर काढले तेव्हा कळलं की जीसीएचक्यू, म्हणजे इथली संदेश टिपणारी गुप्तचर संस्था, समुद्राखालच्या केबलींमधून किती उपसत होतं. २०२१ च्या मे महिन्यात स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टाच्या मोठ्या पीठाने सरसकट सगळं गोळा करायच्या जुन्या घाऊक पद्धतीत सुरुवातीलाच स्वतंत्र मंजुरी नव्हती वगैरे दोष काढले. पण घाऊक पाळतच मुळात चूक असं म्हटलं नाही. २०२४ मध्ये दुरुस्ती कायदा आला आणि काही बाबतींत यंत्रणांचं काम सोपं झालं. आम्ही ते सगळं व्यवस्थित होतंय ना ते बघतो. काही रात्री वाटतं की आपण लगाम धरणाऱ्यांत आहोत, आणि काही रात्री वाटतं की आपल्यामुळे हे सगळं सभ्य दिसतं. इतक्या वर्षांत यातलं एक काही मला ठरवता आलेलं नाही, आणि या खुर्चीत बसून ठरेल असंही वाटत नाही.

आणि आता ती राखीव जागांची गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नाही. माझ्या वरची जागा निघाली ती फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी. आपल्याला दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करायचा. केला. रद्दचा शिक्का मारून हातात देतात, आठवण म्हणून ठेवता येतो. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, घेतलं, आणि त्याचे नियम नीट वाचले ते नंतर कधीतरी, रात्री, झोप येत नव्हती म्हणून. मतदान नाही, हे माहीत होतं. सरकारी नोकरी नाही, हेही. पण २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआयवाल्याला भारतात संशोधन करायचं किंवा पत्रकारिता करायची तर विशेष परवानगी लागते. म्हणजे पाळतीवर देखरेख कशी ठेवायची हे मी शिकले, आणि ज्या देशात ते सांगायची मला घाई होती, तिथे त्यावर अभ्यास करायलाही मला गृहखात्याच्या दारात उभं राहावं लागेल. नवरा आयटीत आहे, त्याचं काही अडत नाही. तो उद्या हिंजवडीत जाऊन बसू शकतो. या क्षेत्रातल्या माणसाची वाट मात्र जितकी वर जाते तितकी मागची बंद होत जाते.

बाबा म्हणाले होते, "कागदच आहे तो." त्यांनी माझी समजूत घातली की स्वतःची, कळलं नाही. विचारायचं राहून गेलं.

तू ये. दोन वर्षांसाठी ये. विद्यापीठात एन्क्रिप्शन, डबल लॉक, हवं त्यावर मोठ्याने बोल, लिही, भांड. ते स्वातंत्र्य मला इथे कधी मिळालं नाही कारण मी नको त्या दारातून आत शिरले. पासपोर्टचा निर्णय त्या दोन वर्षांत अजिबात घेऊ नकोस, कुणी कितीही चांगल्या पदाचं आमिष दाखवलं तरी. दिल्लीची नोकरी सोडू नकोस, बिनपगारी रजा मिळते का बघ. नवऱ्याला डिपेंडंट व्हिसावर काम करता येईल का, ते तुझ्या व्हिसाचा प्रकार नक्की करून मगच त्याला सांग, आधी आश्वासन देऊ नकोस. आणि ऑफर लेटर मला पाठव. शनिवारी नको, त्या दिवशी आईचा फोन असतो. रविवारी वाचते.