शेवटच्या आठ सेकंदांतली बोली

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याचा निवृत्त शिक्षक. कोकणातल्या बंदरांची जुनी चित्रकार्डं, आगबोटींची तिकिटं, वेळापत्रकं असं काहीबाही जमवतो. मध्यंतरी एका परदेशी लिलावाच्या साइटवर रत्नागिरी बंदराचं कार्ड आलं होतं. दूर उभी आगबोट आणि तिच्याकडे निघालेले पडाव. मी ३१ डॉलरची बोली लावून ठेवली. शेवटपर्यंत माझंच नाव वर होतं. लिलाव आपल्या रात्री अडीचला संपणार, म्हणून जागा राहिलो. काही सेकंद उरले असताना कुणी तरी उगवला आणि कार्ड ३२ डॉलरला घेऊन गेला. एका डॉलरसाठी! पुतण्या म्हणतो, हे काम माणूस नाही, सॉफ्टवेअर करतं, तुम्हीही घ्या. ही लबाडी नव्हे का? आणि नसेल, तर मी घ्यावं का?

उत्तर: गुरुजी, आधी त्या एका डॉलरची हळहळ सोडा. तुम्ही एका डॉलरने हरलाच नाहीत.

साइटचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्णनावरून पद्धत ईबे या लिलावाच्या साइटसारखी दिसते, म्हणून तिचेच नियम धरून सांगते. तिथे तुम्ही ३१ लिहिलेत म्हणजे लगेच ३१ ची बोली लागत नाही. तो आकडा तुमची कमाल मर्यादा म्हणून साइटकडे झाकून राहतो. दुसरा कुणी वाढवेल तशी साइट तुमच्या वतीने त्याच्या एक पायरी वर जात राहते. २५ ते १०० डॉलरच्या टप्प्यात ही पायरी एका डॉलरची आहे. आता त्या माणसाने ४० लिहिले असोत की १४०, दोन्ही वेळा किंमत ३२ वरच थांबणार: तुमचे ३१ आणि वर एक पायरी. त्याची मर्यादा किती होती, हे त्या ३२ वरून कळतच नाही. कळते ती तुमची. तुम्ही ३३ लिहिले असते तर कार्ड बहुधा ३४ ला गेलं असतं आणि तुम्ही मला हेच पत्र पाठवलं असतं.

जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे द्यायचे, हा विचार इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुना. टपालाने बोली मागवणारे तिकीटसंग्राहक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो वापरत होते, आणि विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये त्याचं गणित मांडलं. त्याच्या हिशेबाने अशा लिलावात शहाणपण एकच: वस्तू आपल्याला खरोखर जितक्याची वाटते तो आकडा लिहायचा आणि गप्प बसायचं. तसं असेल तर बोली आज लावा नाही तर शेवटच्या सेकंदाला, फरक पडू नये.

पण पडतो, कारण गप्प बसणारी माणसं थोडी. बहुतेक जण ‘बघू या’ म्हणून थोडं लिहितात, आणि कुणी वर गेलं की चिडून परत येतात. तुमची बोली चार दिवस वर दिसत राहिली म्हणजे चार दिवस सगळ्यांना आमंत्रणच. त्यातही जुन्या वस्तूंमध्ये एक गंमत आहे. जाणकाराने बोली लावली, एवढ्यावरूनच नवख्याला कळतं की माल अस्सल आहे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी यावर २००२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला (रॉथ यांना पुढे २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). ईबेवर शेवटच्या क्षणी बोली लावणारे संगणकांच्या लिलावांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावांत जास्त आढळले. त्या काळी ॲमेझॉनही लिलाव चालवायचं. तिथे शेवटच्या १० मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पुढे सरकायची, आणि तिथे हा प्रकार फारच कमी होता. माणसं तीच, वस्तूही तशाच, फरक फक्त संपण्याच्या नियमात.

लबाडीच्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. माझं सासर हर्णैचं. संध्याकाळी पुळणीवर मासळी उतरली की पाट्यांभोवती कोंडाळं होतं, पुकारणारा आकडा चढवत नेतो आणि कुणी बोलेनासं झालं की माल कुणाचा ते ठरतं. तिथे घड्याळ नाही. शेवटच्या क्षणी कुणी ओरडलाच, तर तो क्षण शेवटचा राहत नाही. पुकारणारा पुन्हा सगळ्यांच्या तोंडाकडे बघतो. ईबेने पुकारणारा काढून घड्याळ बसवलं, मग माणसं घड्याळाकडे बघूनच खेळणार. शेवटच्या क्षणी बोली लावायला त्यांच्या नियमांत मनाई नाही. तेव्हा त्या माणसाला शिव्या देऊ नका. तो तुमच्यासारखाच कुणी तरी आगबोटींचा वेडा असणार.

आता घ्यावं का. अशा सॉफ्टवेअरला तीन गोष्टी सांगायच्या असतात: वस्तूचा क्रमांक, तुमची कमाल रक्कम आणि किती सेकंद उरले असताना बोली टाकायची. यांचे दोन प्रकार. एका प्रकारचा प्रोग्रॅम तुमच्या स्वतःच्या संगणकावर चालतो, म्हणजे रात्री अडीचला संगणक चालू हवा, वीज हवी आणि नेटही हवं. वेंगुर्ल्यात, पावसाळ्यात! पुढचं लिहीत नाही. गिक्सेनसारख्या सेवा दूरच्या सर्व्हरवरून बोली टाकतात, तुमच्याकडे अंधार असला तरी त्यांचं अडत नाही. कोकणात राहणाऱ्याला हाच प्रकार उपयोगी.

मात्र सर्व्हरवाल्या सेवेला तुमच्या नावाने आत शिरावं लागतं, म्हणजे खात्याची किल्ली तिच्या हाती द्यावी लागते. म्हणून त्या खात्याचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, ईमेलला तर नाहीच. स्वयंचलित यंत्रांबाबत साइटच्या अटी अलीकडे कडक होत चालल्या आहेत. नाव नोंदवण्याआधी त्या दिवशीच्या अटी स्वतः वाचा, पुतण्याच्या भरवशावर राहू नका.

सेकंदांचा हव्यास नको. दोन सेकंद ठेवाल तर बोली वाटेतच राहायची. आठ ठेवा, आठ सेकंदांत समोरच्याला आकडा टाइप करून बटण दाबणं जवळजवळ अशक्यच. आणि समोरच्यानेही सॉफ्टवेअर लावलं असेल, तर पुन्हा ज्याचा आकडा मोठा तोच जिंकणार. हे कुठलंही सॉफ्टवेअर ६० वाल्याला ३१ मध्ये हरवू शकत नाही. दुसऱ्याने तुमची बोली बघून चढू नये, एवढंच ते साधतं.

तेव्हा खरं काम आकडा ठरवण्याचं. तो दुपारी जेवण झाल्यावर, शांत डोक्याने ठरवा. परदेशातून येणारं टपाल आणि कस्टम्सची संभाव्य आकारणी आधी वजा करा, उरेल ती तुमची मर्यादा. स्वतःला एवढंच विचारा: ‘हे कार्ड याच्या एक डॉलर वर गेलं, तर मला चुटपुट लागेल का?’ लागणार असेल तर आकडा अजून खरा नाही, वाढवा. आणि तो गोल नको. ५० वर सगळेच थांबतात आणि दोघांचा आकडा सारखा आला तर आधी लावणारा जिंकतो; शेवटी येणारा तुम्ही असाल तर तिथेच गेलात. ५१ सुद्धा नको, ही आहेराची सवय आपल्याकडच्या सगळ्यांनाच आहे. ५२.६३ असं काही तरी लिहा.

माझं मत विचाराल तर घ्या, पण जिंकण्यासाठी नव्हे, झोपण्यासाठी. या वयात एका कार्डापायी रात्री अडीचपर्यंत जागायचं, आणि त्या वेळी माणूस तिरीमिरीत काय आकडा लिहील याचा नेम नाही. ठरवलेला आकडा संध्याकाळी भरून टाकायचा, सकाळी चहाबरोबर निकाल बघायचा.

प्रश्न: आमच्या खेड तालुक्यात बँकेने जप्त केलेल्या एका घराचा ई-लिलाव आहे. शेवटच्या सेकंदाला बोली टाकणारं असं सॉफ्टवेअर तिथे चालेल का?

उत्तर: नाही, आणि चाललं तरी उपयोग नाही. बँकांच्या लिलावांत सहसा शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते, पुन्हा आली की पुन्हा वाढते. जाहिरातीत किती मिनिटं दिली आहेत ते बघा. हा आमच्या हर्णैचाच लिलाव, फक्त पुळण नाही.

तुमची काळजी वेगळी हवी. सरफेसी कायद्याखालच्या (थकलेल्या कर्जापायी बँक तारण मालमत्ता विकते तो कायदा) लिलावात बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्के रक्कम, अनामत धरून, भरावी लागते. उरलेले ७५ टक्के साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. कर्ज मंजूर होईल या आशेवर बोली लावणारे इथे बुडतात, कारण मुदत चुकली की भरलेली रक्कम जप्त होते. आणि विक्री ‘जसे आहे तसे, जिथे आहे तिथे’ असते. घर आतून बघा. घरपट्टीची आणि विजेची थकबाकी विचारा. सातबारा काढून इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव आहे का, जमीन सामायिक आहे का, मुंबईच्या चुलत्यांच्या सह्या कुठे अडल्या आहेत का, हे वकिलाकडून तपासून घ्या. कोकणातल्या घराला वाट कुणाच्या अंगणातून जाते, हे तर प्रत्यक्ष चालतच जाऊन बघा.

प्रश्न: मी सावंतवाडीला कॉलेजात आहे. लिलाव हमखास जिंकून देणारं सॉफ्टवेअर एक जण व्हॉट्सॲपवर ५०० रुपयांना देतोय. मी त्याला माझ्या खात्याचा पासवर्ड दिलाय, आता तो ओटीपी मागतोय. देऊ का?

उत्तर: देऊ नकोस. आत्ता, हे वाचता वाचता, पासवर्ड बदल. तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही बदल. खात्याला कार्ड जोडलेलं असेल तर काढून टाक आणि बँकेला कळव. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर.