‘ट्रॉयची हेलन’ की स्पार्टाची?

प्रश्न असा आहे : हेलन स्पार्टाची राजकन्या आणि स्पार्टाचीच राणी, मग तिला ‘ट्रॉयची हेलन’ म्हणणं चूक नाही का? त्यालाच जोडून दुसरा प्रश्न : ‘हेलन’ हे नाव आणि ग्रीक या अर्थाचा ‘हेलेनिक’ हा शब्द एकाच मुळातले आहेत का?

आधी पहिला. व्याकरणाच्या दृष्टीने चूक नाही. आपली षष्ठी मोठी उदार आहे. जन्म, सासर, मालकी, एखादी घटना, कुठलाही संबंध ती दाखवते. वाराणसीत जन्मलेल्या लक्ष्मीबाईंना आपण ‘झाशीची राणी’ म्हणतो आणि ते कुणालाही खटकत नाही. ‘ट्रॉयची’मधला ‘ची’ घटनेचा आहे : जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध पेटलं ती.

तरीही मला हा प्रयोग पटत नाही. गांधारी, माद्री, कैकेयी, पांचाली, मैथिली ही नावं बघा. सगळी माहेरच्या देशावरून पडलेली. आयुष्य सासरी गेलं, पण ओळख माहेरची राहिली. आणि एखादीला पळवून नेलं, तर नेणाऱ्याच्या गावावरून तिला ओळखावं हे आपल्याकडे सुचलेलंच नाही. ‘लंकेची पार्वती’ आहे (तिचा अर्थ वेगळा, अंगावर दागिना नसलेली बाई), पण ‘लंकेची सीता’ मी तरी कधी ऐकलेली नाही. हेलन ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्याबरोबर राजीखुशीने गेली की त्याने तिला पळवलं यावर खुद्द ग्रीकांतच दुमत होतं, म्हणून ही तुलना मी नावापुरतीच ठेवतो.

ग्रीक महाकवी होमरचं काय? त्याच्या ‘इलियड’मध्ये तिचं खास विशेषण आहे ‘आर्गेइए’, आर्गोसची. होमरच्या भाषेत आर्गोसचे लोक म्हणजे पर्यायाने सगळेच ग्रीक. दुसऱ्या सर्गात ग्रीक सैन्य कंटाळून घरी निघतं, तेव्हा हेरा देवी अथीना देवीला म्हणते की हे असेच परतले, तर ट्रॉयचा राजा प्रायम याला आणि त्याच्या लोकांना मिरवायला मागे राहील आर्गोसची हेलन, ‘जिच्यासाठी कितीतरी ग्रीक मायदेशापासून दूर ट्रॉयमध्ये मेले’. दोन्ही गावं एकाच वाक्यात आली आहेत. मरण ट्रॉयमधलं आहे, हेलन मात्र आर्गोसची आहे. अशी विशेषणं छंदाच्या सोयीने ठरलेली असतात हे मान्य. पण ट्रॉयच्या तटाआड वर्षानुवर्षं राहूनही तिचं हे विशेषण सुटत नाही हे महत्त्वाचं. उलट पॅरिसचीच ओळख अनेकदा ‘सुंदर केसांच्या हेलनचा नवरा’ अशी करून दिलेली आहे!

पुढे होमरच्याच ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात ती स्पार्टाला परतलेली दिसते : नवरा मेनेलाओस याच्या वाड्यात, हाताशी सोन्याची चाती आणि चाकं लावलेली चांदीची टोपली, पाहुण्यांशी बोलत बसलेली. आणि ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या इ.स.पू. 412 मधल्या नाटकात तर ती ट्रॉयला गेलेलीच नाही. तिकडे गेली ती देवांनी घडवलेली छाया, खरी हेलन तोवर इजिप्तमध्ये. त्या कथेत ‘ट्रॉयची’ या शब्दाला काही आधारच उरत नाही.

आजचे ग्रीक तिला ‘ओरेआ एलेनी’, म्हणजे सुंदर एलेनी म्हणतात. फ्रेंच आणि जर्मनमध्येही तिच्या नावाला ‘सुंदर’ हेच विशेषण लागतं. ‘ट्रॉयची’ आपल्याकडे इंग्रजीतून आलं. तेव्हा लिहिताना पहिल्या उल्लेखात ‘स्पार्टाची राणी हेलन’ आणि पुढे नुसतं ‘हेलन’, एवढं पुरे.

आता ‘हेलेनिक’. संबंध नाही. ग्रीकांचं स्वतःच्या देशाचं नाव ‘हेल्लास’, लोक ‘हेल्लेनेस’. त्यात दोन ‘ल’. हिचं नाव ‘हेलेने’, त्यात एकच. रोमन लिपीतून येता येता हे जोडाक्षर मराठीत हरवतं, म्हणून दोन्ही शब्द सख्खे वाटतात. शिवाय होमरच्या काव्यात ‘हेल्लेनेस’ हे ग्रीक वीर अकिलीसच्या मुलखातल्या एका जमातीचं नाव आहे, सगळ्या ग्रीकांचं नव्हे.

शब्दांच्या साम्याचा मोह प्राचीन ग्रीकांनाही होताच. इस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’ या नाटकात (इ.स.पू. 458) गायकांचा वृंद म्हणतो की हिचं नाव कुणी इतकं अचूक ठेवलं, आणि लगेच ‘हेले-’ या अक्षरांवर तीन शब्द रचतो : जहाजं बुडवणारी, पुरुषांचा घात करणारी, नगरं उद्ध्वस्त करणारी. कोटी म्हणून ती भेदक आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही.

कारण हेलनच्या नावाच्या आरंभी एक जुना ‘व’ होता, कोटीतल्या ‘हेले-’त तो नाही. स्पार्टाजवळ थेराप्ने इथे, एव्रोतास नदीकाठच्या टेकडीवर, हेलन आणि मेनेलाओस यांचं पूजास्थान होतं. तिथल्या उत्खननात 1970च्या दशकात इ.स.पू. सातव्या शतकातली काशाची एक लहान तेलकुपी सापडली. डेइनिस नावाच्या भक्ताने वाहिलेल्या त्या कुपीवर कोरलंय ‘वेलेनाई मेनेलावो’ : मेनेलाओसच्या हेलनला. स्पार्टाची माणसं तिला ‘वेलेना’ म्हणत होती.

या एका ‘व’मुळे आपल्याकडे अधूनमधून डोकं वर काढणारी आणखी एक व्युत्पत्तीही बाद होते. भाषाभ्यासक मॅक्स म्युलर यांनी 1860च्या दशकात ऋग्वेदातली इंद्राची दूती सरमा म्हणजेच हेलन आणि गायी चोरणारे पणि म्हणजे पॅरिस असं मांडलं होतं. दहाव्या मंडलातलं सरमा-पणि संवादाचं सूक्त (10.108) वाचताना ही कल्पना भुरळ घालते : चोरून नेलेलं धन, नदीपलीकडचा शत्रू, शोधायला गेलेली दूती. पण ‘सरमा’च्या आरंभी ‘व’ बसायला जागा नाही आणि तिच्या ‘म’चा ग्रीकमध्ये ‘न’ होत नाही. त्यापेक्षा अभ्यासक ओटो स्कुच यांनी सुचवलेला, ‘स्वर्’ म्हणजे तेज या शब्दाच्या कुळाशी असलेला दुवा ध्वनिनियमांत बसतो, कारण त्यात तो ‘व’ आहे.