ॲनास्टोमोसिसची तोंडमिळवणी

उंदरात लहान आतड्याचं प्रायोगिक प्रत्यारोपण कसं करतात त्यावरचा मजकूर मराठीत आणताना ‘ॲनास्टोमोसिस’ला (म्हणजे दोन रक्तवाहिन्या किंवा आतड्याचे दोन भाग एकमेकांना जोडणं) ‘संमीलन’ चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल हो, पण ते वाचून मला दोन नद्या भेटल्यासारखं वाटतं, सुईदोरा काही डोळ्यासमोर येत नाही.

शब्द मूळचा ग्रीक आणि त्यातला स्टोमा म्हणजे तोंड. मग आपल्याकडे आयता पडलाय की शब्द, तोंडमिळवणी! आपण तो जमाखर्चापुरता ठेवलाय एवढंच. सर्जन तेच तर करतो, वाहिनीच्या तोंडाला तोंड लावून शिवतो. फ्रेंच सर्जन अलेक्सी कारेलनं १९०२ मध्ये मांडलेली युक्ती बघा (१९१२ चं नोबेल मिळालं ते याच सगळ्या कामाला), कापलेल्या वाहिनीच्या गोल तोंडाला सारख्या अंतरावर तीन टाके घालायचे नि ते ताणून धरायचे, गोलाचा त्रिकोण होतो, कडा सरळ होतात आणि समोरची भिंत चुकून टाक्यात सापडत नाही.

‘एंड टू साइड’ला मात्र तोंडमिळवणी जरा अडखळते, कारण तिथे तोंड एकाच वाहिनीचं, दुसरीची नुसती कूस. दात्याच्या आतड्यासोबत त्याच्या महाधमनीचा तुकडा काढलेला असतो, त्याचं टोक दुसऱ्या उंदराच्या महाधमनीला कुशीत भोक पाडून तिथे शिवतात, ती न तोडता, म्हणजे मागच्या पायांचं रक्त चालू राहतं. मी ‘टोकाला टोक’ आणि ‘टोक कुशीला’ असंच लिहीन. प्लंबर सरळ ‘टी’ म्हणेल आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यात नेमका शब्द आहे.

‘कफ टेक्निक’ला जपून. नुसतं ‘कफ पद्धत’ लिहिलंत तर वाचणारा खोकला शोधत बसेल. हा शर्टाच्या बाहीचा कफ. शीर एका छोट्याशा प्लॅस्टिकच्या नळीतून ओवायची, टोक बाहेरून नळीवर उलटं दुमडून दोऱ्यानं बांधायचं, मग ती नळी दुसऱ्या शिरेच्या तोंडात सरकवून वरून परत एक दोरा. उलटं दुमडल्यामुळे शिरेचं आतलं अस्तर बाहेर येतं नि समोरच्या अस्तराला टेकतं, रक्ताला प्लॅस्टिक लागतच नाही, आणि टाके नाहीत म्हणून काम झटपट. ‘दुमडजोड’ कसं वाटतं?

हेटरोटॉपिक म्हणजे उंदराचं स्वतःचं आतडं तसंच ठेवून नवं बाजूला बसवणं, ऑर्थोटॉपिक म्हणजे जुनं काढून त्याच जागी नवं. त्यांना तुमचे ‘परस्थानी’ आणि ‘स्वस्थानी’ राहू द्या, मला त्यात खोट दिसत नाही.