अमेरिकेत किर्लोस्करवाडीसारखं कंपनीने वसवलेलं गाव आहे का?

आहे की! आणि त्याचं नाव तुमच्या बाथरूममधल्या नळावरही असेल कदाचित. विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहरापासून तासाभरावर कोहलर म्हणून गाव आहे, वस्ती जेमतेम दोनेक हजार. मिलवॉकीला असताना आम्ही दोनदा जाऊन आलो.

नळ-टब बनवणाऱ्या कोहलर कंपनीचा मूळ मालक जॉन मायकल कोहलर, ऑस्ट्रियातून आलेला. 1873 ला त्याने जवळच्या शेबॉयगन शहरात शेतीची अवजारं बनवणारी फाउंड्री घेतली. 1883 मध्ये जनावरांना पाणी पाजायच्या बिडाच्या डोणीला इनॅमल मारून विकायला काढली, वर कॅटलॉगमध्ये लिहिलं की पाय लावले तर आंघोळीचा टब म्हणूनही चालेल 😄 पहिला टब एका गायीच्या आणि 14 कोंबड्यांच्या बदल्यात गेला असं कंपनीच सांगते, खरंखोटं तीच जाणे.

पुढे कारखाना शहराबाहेर गेला आणि 1912 ला तिथे कोहलर गाव झालं, म्हणजे किर्लोस्करवाडीनंतर दोनच वर्षांनी. जॉनचा मुलगा वॉल्टर युरोपातली बागबगीच्यांची गावं बघून आला, ओल्मस्टेड ब्रदर्स या बागा आणि गावं आखून देणाऱ्या कंपनीकडून प्लॅन करून घेतला. मला पटलेली गोष्ट म्हणजे घरं भाड्याने न देता कामगारांना हप्त्यावर विकली. बाहेरदेशातून आलेल्या सड्या कामगारांसाठी 1918 ला अमेरिकन क्लब बांधला, तिथे राहायची-जेवायची सोय आणि शिवाय इंग्रजीचे क्लास.

पण एवढं करून युनियन म्हटलं की मालकाच्या कपाळावर आठ्या. 1934 च्या संपात गोळीबार झाला, दोघं गेले, चाळीसच्या वर जखमी. मग 1954 ला परत संप आणि तो वर्षानुवर्षं चालला, पगाराची थकबाकी आणि पेन्शन मिळून 45 लाख डॉलरवर तोड निघाली ती थेट 1965 ला. त्यातली एक मागणी होती इनॅमल खात्याला जेवणाची सुट्टी. तिथे भट्टीपुढे उभं राहून काम, आणि कंपनीच्या वकिलाचं म्हणणं काय तर माल भट्टीत टाकला की बाहेर काढेपर्यंत दोन-पाच मिनिटं मिळतात ना, त्यात डबा खायचा!! बागा लावणाऱ्या माणसांना हे कसं सुचतं देव जाणे.

त्या अमेरिकन क्लबचं 1981 पासून महागडं हॉटेल झालंय. आम्ही आपले बाहेरूनच फोटो काढले आणि शेबॉयगनला जाऊन जेवलो.